५८ वरून १५ वर: तीव्र काचबिंदूनंतर एका कॉकरच्या दृष्टिपटलाचं काम कितपत परत आलं

पार्श्वभूमी

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातली सात वर्षांची कॉकर स्पॅनिएल कुत्री. नसबंदी झालेली, वजन १२ किलो, आधीचं मोठं आजारपण नाही. तिला इथे राणी म्हणू. घरी काका-काकू दोघंच, मुलगी कोथरूडला.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास काकूंना राणीचा उजवा डोळा लाल आणि अर्धवट मिटलेला दिसला. गुलाल किंवा धूळ गेली असेल असं वाटून त्यांनी डोळा पाण्यानं पुसला. रात्री दहाला घरातल्या माणसांसाठी आणलेले, अर्धे उरलेले अँटिबायोटिक-स्टेरॉइडचे थेंब घातले. रात्री ती जेवली नाही. दिवाणाखाली जाऊन डोकं भिंतीला टेकवून बसली. सकाळी आठला डोळ्यावर निळसर-पांढरी झाक होती. काकांनी नेहमीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी फोनवरून एकच गोष्ट करायला लावली: मोबाइलच्या टॉर्चचा उजेड दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं टाकून बघा. डावी बाहुली बारीक झाली, उजवी तशीच मोठी राहिली. "डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र जिथे आहे तिथेच न्या, आत्ता," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

विसर्जनामुळे पेठांतले रस्ते बंद होते. राणीला कडेवर घेऊन दोघं म्हात्रे पुलापर्यंत चालत गेले आणि तिथून रिक्षा मिळाली. कोथरूडच्या क्लिनिकमध्ये पोचेपर्यंत १० वाजून २० मिनिटं झाली होती. म्हणजे लाली पहिल्यांदा दिसल्यापासून पंधरा तास. दाब नेमका केव्हा चढला हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

अडचण

रिबाउंड टोनोमीटरवर (डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र) उजव्या डोळ्याचा दाब ५८ मिलिमीटर पारा, डाव्याचा १७. कुत्र्यात साधारण १० ते २० ठीक, २५ च्या वर गेला की काळजी. म्हणजे हा तीव्र काचबिंदू: डोळ्यातला दाब अचानक चढलेला. एका आकड्यावर विसंबता येत नाही, म्हणून पट्टा काढून, मान मोकळी ठेवून आणि पापण्या बोटानं न दाबता तीन वेळा मोजलं. घाबरलेल्या कुत्र्याची मान कोणी घट्ट धरली असेल तर निरोगी डोळ्याचा आकडाही सहज चढतो.

दाबाचा आकडा एकटा पुरेसा नसतो. दृष्टिपटलापर्यंत रक्त पोचवणारा जोर म्हणजे ढोबळमानानं सरासरी रक्तदाब वजा डोळ्यातला दाब. राणीचा सरासरी रक्तदाब १०५ होता, म्हणजे उजव्या डोळ्याला उरले ४७. डाव्याला मिळत होते ८८. म्हणून पुढच्या प्रत्येक औषधाबद्दल दोन प्रश्न होते: यानं डोळ्याचा दाब उतरेल का, आणि रक्तदाब तर खाली जाणार नाही ना?

दिसण्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष असे. पापणीला बोट लावल्यावर ती मिटत होती, म्हणजे चेहऱ्याची नस शाबूत होती. हे आधी पाहिल्याशिवाय डोळ्यावर हात नेऊन बघण्याच्या चाचणीला अर्थ नाही. हात नेल्यावर उजवा डोळा मिटला नाही. प्रखर उजेडाला मात्र पापणी किंचित आखडली. उजवी बाहुली हलत नव्हती, पण उजव्या डोळ्यात उजेड टाकून डाव्या बाहुलीकडे पाहिलं तेव्हा ती हळू, थोडी का होईना, आकसली.

हे शेवटचं निरीक्षण सगळ्यात महत्त्वाचं होतं. इतक्या दाबात बाहुली बारीक करणारा बुबुळाचा स्नायूच रक्ताअभावी लुळा पडतो. त्यामुळे त्या डोळ्याची बाहुली हलली नाही तर तो दोष दृष्टिपटलाचा की स्नायूचा, हे कळत नाही. उलट त्या डोळ्यातला उजेड दुसऱ्या बाहुलीला हलवत असेल, तर दृष्टिपटल आणि दृष्टीची नस यांतून काहीतरी मेंदूपर्यंत जातं आहे हे नक्की. "बाहुली फिक्स आहे, डोळा गेला" असा निर्णय अनेकदा ही पाच सेकंदांची तपासणी न करताच दिला जातो.

काकूंचा पहिला प्रश्न होता, "डोळा गेला का हो, डॉक्टर?" त्यांना मिळालेलं उत्तर: आत्ता दिसत नाही. गेला की नाही, ते दाब उतरल्यावर दोन ते चार आठवड्यांत कळेल.

दिसत नाही आणि गेला, यात फरक का करायचा

या उत्तरामागे प्राण्यांवरचं बरंच काम आहे. उंदरांच्या दृष्टिपटलाचे विद्युत आलेख घेताना दाब हळूहळू वाढवला तर सगळ्यात आधी गॅंग्लिऑन पेशींकडून (दृष्टिपटलातला संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशी) येणारा लहानसा प्रतिसाद मावळतो. आलेखातला मधल्या थरांचा ब-तरंग त्यानंतर खचतो आणि प्रकाशग्राही पेशींचा अ-तरंग सगळ्यात जास्त तग धरतो. दाब ठरावीक वेळेत उतरवला तर हे प्रतिसाद परत येतात. म्हणजे पेशी काम थांबवतात तेव्हा त्या मेलेल्याच असतात असं नाही. वयस्कर उंदरांत गॅंग्लिऑन पेशींचं काम परत यायला तरुण उंदरांपेक्षा जास्त वेळ लागतो. आनुवंशिक काचबिंदू असलेल्या उंदरांत मॅनिटॉल (डोळ्यातलं पाणी रक्तात ओढून घेणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन दाब उतरवल्यावर गॅंग्लिऑन पेशींचा मंदावलेला प्रतिसाद सुधारल्याचंही दिसलं आहे. कुत्र्यांत थोड्या वेळापुरता दाब वाढवून केलेल्या प्रयोगांतही काम परत आल्याची नोंद आहे.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ऱ्हीसस माकडांत दृष्टिपटलाची मुख्य धमनी पूर्ण बंद केली तेव्हा सुमारे ९७ मिनिटांपर्यंत कायमचं नुकसान दिसलं नाही आणि २४० मिनिटांनंतर ते मोठं आणि कायमचं होतं. राणीची स्थिती तशी नव्हती. ४७ चा जोर म्हणजे रक्तप्रवाह अपुरा, पण पूर्ण थांबलेला नाही. त्यामुळे पंधरा तासांनंतरही शक्यता उरली होती आणि डाव्या बाहुलीची हालचाल तेच सांगत होती.

पहिल्या तासातले पर्याय

आधी औषधं ठरवायची की आधी डोळ्यातलं भिंग जागेवर आहे का ते बघायचं? इथे घाई महागात पडते. डोळ्याचा दाब उतरवणारा लॅटानोप्रोस्टचा थेंब कुत्र्यात बाहुली टाचणीएवढी करतो. भिंग सुटून पुढे आलेलं असेल तर ती आकसलेली बाहुली त्याला पुढेच अडकवते आणि दाब आणखी चढतो. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजल्यामुळे आतलं नीट दिसत नव्हतं, म्हणून पापणीवर जेल लावून सोनोग्राफी केली. भिंग जागेवर होतं. आतल्या दाहाची ठळक खूण नव्हती. फ्लुरोसिन पट्टीनं कॉर्नियावर जखम नसल्याचं दिसलं.

मॅनिटॉल लगेच सुरू करायचं का? रात्रभर उपाशी, कमी पाणी प्यायलेली सात वर्षांची कुत्री. मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असेल तर मॅनिटॉल जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडाची रक्तचाचणी, क्रिएटिनिन, यायला अर्धा तास लागणार होता. तो अर्धा तास थेंबांना द्यायचा असं ठरलं.

सुईनं डोळ्यातलं पाणी काढणं हा तिसरा पर्याय होता. दाब क्षणात उतरतो, पण डोळा पुन्हा भरतो. अचानक दाब घसरल्यानं आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि हालणाऱ्या कुत्र्यात सुई भिंगाला लागण्याची भीती असते. मॅनिटॉलनंतर दोन तासांनी दाब ४० च्या वरच राहिला तरच हा मार्ग, अशी रेषा आधीच आखली. रेषा आधी आखलेली बरी, कारण दुपारी दमलेल्या माणसांचा कल वाट पाहण्याकडे असतो.

वेदनेसाठी काय द्यायचं हा प्रश्न लहान वाटतो, पण नाही. झायलाझिननं कुत्रं ओकतं आणि ओकताना डोळ्याचा दाब उसळतो. मॉर्फिनचंही तेच. केटामिन दाब वाढवू शकतं. एसप्रोमाझिन रक्तदाब उतरवतं, म्हणजे ४७ चे ३५ होणार. ब्यूटॉर्फेनॉल निवडलं, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, आणि राणीला अंधाऱ्या खोलीत मान उंच ठेवून बसवलं.

काय केलं

१०:४० ला लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के, एक थेंब. पाच मिनिटांनी डॉर्झोलामाइड-टिमोलॉल या दाब उतरवणाऱ्या जोड-औषधाचा एक थेंब. दोन थेंबांत पाच मिनिटं सोडली नाहीत तर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. टिमोलॉलपूर्वी हृदयाचे ठोके मोजले, कारण ते ठोके मंदावतं.

११:१५ ला क्रिएटिनिन आलं, ठीक होतं. ११:२० ला दाब ४९. उतरला होता, पण पुरेसा नाही. मॅनिटॉल द्यायचं ठरलं आणि कपाटातली बाटली उजेडात धरली तर तळाशी सुयांसारखे स्फटिक. २० टक्के मॅनिटॉल थंड जागेत ठेवलं की असं होतं, आणि एसी खोलीतलं कपाट त्याला पुरतं. बाटली गरम पाण्यात ठेवून स्फटिक पूर्ण विरघळेपर्यंत हलवली, मग अंगाच्या उष्णतेइतकी निवू दिली. यात २५ मिनिटं गेली.

११:४५ ला सुरुवात. किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे १८ ग्रॅम, म्हणजे ९० मिलिलिटर, फिल्टर असलेल्या सेटमधून अर्ध्या तासात. याहून सावकाश दिलं तर रक्त आणि डोळा यांच्यातला ओढा तयार होत नाही आणि औषध फुकट जातं. त्यानंतर तीन तास पाणी बंद. हा भाग घरच्यांना सगळ्यात जड गेला. राणी सतत लघवीला जात होती, जीभ बाहेर काढून वाटीकडे बघत होती, आणि काका वाटी उचलून दाराबाहेर ठेवून आले. पण लगेच पोटभर पाणी प्यायलं की ओढलेलं पाणी भरून निघतं.

दुपारी एकला २७. अडीचला १५.

अडीचला पुन्हा डोळ्यावर हात नेऊन बघितला. डोळा मिटला नाही. मांजरझडप घातल्यासारखा हात न नेता, हवा लागू नये म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा मध्ये धरून बघितलं, तरी नाही. काकू रडायला लागल्या. आकडा नॉर्मल, डोळा आंधळा, हा तास कोणत्याही कुटुंबाला अवघड असतो, आणि याच तासात "काढून टाका एकदाचा" असं ठरतं. प्रखर उजेडाला पापणीची हालचाल सकाळपेक्षा ठळक झाली होती, हे काकूंना टॉर्च हातात देऊन दाखवलं. त्यांनी स्वतः तीन वेळा करून बघितलं.

रात्र

घरी पाठवायचं की ठेवायचं? सहाला दाब १३ होता, मिरवणूक चालू होती आणि परत यायला रस्ता नव्हता. ठेवायचं ठरलं, ते बरं झालं. साडेदहाला दाब ३१. मॅनिटॉलचा जोर साधारण सहा ते दहा तास टिकतो, त्यामुळे ही उसळी अनपेक्षित नव्हती. लॅटानोप्रोस्टचा पुढचा थेंब दहा चाळीसला होता, तो लगेच घातला. साडेबाराला १८. दुसरं मॅनिटॉल टळलं. ३१ चा दाब नेमका किती वेळ होता ते माहीत नाही, कारण सहानंतर थेट साडेदहालाच मोजलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लॅटानोप्रोस्ट बारा तासांनी, डॉर्झोलामाइड-टिमोलॉल आठ तासांनी, आणि कॉर्नियावर जखम नसल्यामुळे दाह कमी करणारे प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटचे थेंब. गळ्याचा पट्टा कायमचा बंद, छातीचा हार्नेस. तिसऱ्या दिवशी कॉर्निया निवळला आणि डोळ्याचा मागचा भाग दिसला. दृष्टीच्या नसेचं टोक सुजलेलं, फिकट. भोवतालचं दृष्टिपटल एका बाजूला राखाडी.

डोळा ठेवायचा की काढायचा

ओळखीच्या दोघांनी घरच्यांना डोळा काढायचा सल्ला दिला होता. आंधळ्या, दुखऱ्या डोळ्यासाठी तो सल्ला बरोबर आहे. दाब आवाक्यात असलेल्या, न दुखणाऱ्या आणि उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या डोळ्यासाठी तो घाईचा आहे. २८ दिवसांची मुदत ठरली, या अटीवर की दाब औषधांना जुमानेनासा झाला आणि दुखणं परतलं तर मुदत संपली.

विद्युत आलेख काढावा का, यावरही चर्चा झाली. भूल, वीस मिनिटांचा अंधार आणि प्रवास एवढं करून साध्या झगमगाटाच्या आलेखातून मुख्यतः प्रकाशग्राही आणि मधल्या थरांचं काम कळतं. गॅंग्लिऑन पेशी मेलेल्या असतानाही तो बराच चांगला दिसू शकतो. राणीचा प्रश्न त्या पेशींचाच होता. शिवाय भुलेत रक्तदाब उतरणार. नको ठरलं. बाहुलीच्या हालचालीलाही मर्यादा आहे, कारण निळ्या उजेडाला स्वतःच प्रतिसाद देणाऱ्या काही गॅंग्लिऑन पेशी असतात. त्यामुळे बाहुली आकसते म्हणजे चित्र दिसतं असं होत नाही. शेवटी भर राहिला वागण्यावर.

सहाव्या दिवशी हात नेल्यावर दहापैकी तीन वेळा डोळा मिटला. चौदाव्या दिवशी दहापैकी सात. त्या दिवशी डावा डोळा झाकून, तिच्या उजव्या बाजूनं कापसाचा बोळा सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, म्हणून कापूस. राणीनं मान वळवून तो जमिनीवर पडेपर्यंत पाहिला आणि हुंगायला गेली. भरपूर उजेडात स्टुलांच्या मधून ती न धडकता आली. दिवे मंद केल्यावर दोनदा धडकली.

२८ व्या दिवशी यात फरक नव्हता. मागच्या भागात पाचरीच्या आकाराचा एक पट्टा जास्त चकाकत होता. तिथलं दृष्टिपटल विरलं होतं, त्या भागाचं रक्त बंद पडलेलं असणार. सुधारणा झाली ती जिथे पेशी तग धरून होत्या तिथे.

निष्पत्ती

थेंबांवर हा आजार कायमचा थांबत नाही हे घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कारण डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होणारा कोनच जन्मतः सदोष असतो. तपासणीचं भिंग लावून डाव्या डोळ्याचा कोन पाहिला, तोही तसाच होता. "ढोलांमुळे झालं का?" असं काकांनी विचारलं. उत्तेजनेत बाहुली मोठी होते आणि अरुंद कोन आणखी अडू शकतो, पण कोन अरुंद होता म्हणून. डाव्या डोळ्यात दिवसातून दोनदा डॉर्झोलामाइड-टिमोलॉल सुरू केलं. प्रतिबंधक थेंबांविना दुसऱ्या डोळ्याला साधारण आठ महिन्यांत झटका येतो. थेंबांनी तो तीस महिन्यांच्या आसपास लांबवता आल्याचं कुत्र्यांच्या पाहणीत दिसलं आहे.

पाचव्या महिन्यात उजव्या डोळ्याचा दाब ४१ झाला. सकाळी सातला काकूंनी लाली पाहिली, टॉर्च मारला, घरातला लॅटानोप्रोस्टचा थेंब घातला आणि पन्नास मिनिटांत क्लिनिक गाठलं. दुपारी दाब १६. त्या रात्री हात नेल्यावर डोळा मिटत होता. पुढच्या पंधरवड्यात लेसरनं पाणी तयार करणारा भाग काही प्रमाणात निकामी केला. लेसरनंतरचे पहिले दोन दिवस दाब उसळतो, म्हणून तेव्हाही तिला ठेवून घेतलं. अकराव्या महिन्यात उजव्या डोळ्याचा दाब १४ ते १८ दरम्यान, दिवसा उपयोगी दृष्टी. अंधारात वाड्याच्या जिन्यावर ती अडखळते. डावा डोळा निरोगी.

वेगळं काय करता आलं असतं

रात्री दहाला थेंब घातले गेले तिथे नऊ-दहा तास हरवले. त्या थेंबांनी थेट नुकसान झालं असं म्हणता येत नाही, पण "औषध घातलंय, सकाळी बघू" हा धीर त्यांनीच दिला. ते बाहुली मोठी करणारं अ‍ॅट्रोपिन असतं तर प्रकरण याहून वाईट झालं असतं.

क्रिएटिनिनची वाट पाहत होतो तेव्हाच मॅनिटॉलची बाटली बघून गरम पाण्यात ठेवायला हवी होती. ती २५ मिनिटं पूर्णपणे टाळण्यासारखी होती. आता ती बाटली एसी नसलेल्या खोलीत असते आणि दर सोमवारी उजेडात धरून बघितली जाते.

संध्याकाळचा लॅटानोप्रोस्टचा थेंब आठला द्यायला हवा होता. सकाळी दहा चाळीसला दिला म्हणून रात्री दहा चाळीसला, हे कागदावर नीट वाटतं, पण मॅनिटॉलचा जोर त्याआधीच ओसरतो. आणि सहा ते साडेदहा दाब न मोजणं ही चूकच. पहिल्या रात्री दर दोन तासांनी मोजायला हवं.

चाचण्यांच्या नोंदीत एक कच्चा दुवा राहिला. पहिल्या दिवशी खोलीत भरपूर उजेड होता, सहाव्या दिवशी ढगाळ दुपार. त्यामुळे शून्यावरून तीन ही तुलना नेमकी नाही. चौदाव्या दिवसापासून तीच खोली, तेच दोन दिवे, तोच टॉर्च वापरला. बाहुलीसाठी लाल आणि निळा उजेड वेगळा टाकून पहिल्याच दिवशी नोंद घेतली असती, तर प्रकाशग्राही पेशी केव्हा सावरल्या हेही कळलं असतं.

काकांच्या फ्रिजच्या दारात आता लॅटानोप्रोस्टची न उघडलेली एक बाटली असते. चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असते आणि सहा आठवड्यांनी ती बदलतात. यंदा चतुर्दशीच्या आदल्या दिवशी राणीला ते मुलीकडे कोथरूडला घेऊन जाणार आहेत.